श्वाननखांची निगा



धनगराच्या मेंढरांमागे माळ तुडवणाऱ्या कुत्र्याची नखे ती खडकाळ भूमीच घासून बेताची ठेवते; परंतु ज्या प्राण्याला आपण हौसेने गुळगुळीत फरशीच्या घरात आणून ठेवले, त्याच्या नखांचा बंदोबस्त निसर्गाच्या हातून सुटून आपल्याकडे आला आहे, ही गोष्ट फरशीवरची टकटक ऐकू येईपर्यंत पुष्कळ गृहस्थांच्या ध्यानातच येत नाही. मांजराप्रमाणे कुत्र्याला नखे आत ओढून घेता येत नाहीत; त्यामुळे वाढलेले नख पावलागणिक जमिनीवर टेकून बोटाला मागे रेटते, चाल बिघडते, आणि वृद्ध कुत्र्याच्या मुळातच दुखऱ्या सांध्यांना त्याचा जाच होतो. पुढच्या पायाच्या आतल्या अंगाला, जरा वर असलेले अंगठ्याचे नख तर जमिनीला लागतच नाही. ते झिजत नाही, वळत वळत वाढते, आणि उपेक्षा झाली तर मांसात रुतते.

नखाच्या गाभ्यात जिव्हाळी असते, तीत रक्तवाहिनी आणि मज्जातंतू दोन्ही असतात. पांढऱ्या नखात ती गुलाबी दिसते. काळ्या नखात दिसत नाही, म्हणून तेथे टोकाचा कागदासारखा पातळ काप घ्यावा, कापलेला भाग उजेडात न्याहाळावा, पुन्हा तितकाच काप घ्यावा, आणि कोरड्या पांढुरक्या भागाच्या मध्यभागी काळसर, ओलसर ठिपका उमटू लागला की हात आवरावा. माणसांच्या नेलकटरने जाड नख चिरडते. कुत्र्यांसाठीची धारदार कात्रीच घ्यावी. चुकून रक्त आलेच, तर तुरटीची पूड किंवा कॉर्नफ्लोअर लावून काही मिनिटे दाबून धरावे. फार वाढलेल्या नखात जिव्हाळीही पुढे आलेली असते. दर आठवड्याला किंचित कापत गेल्यास ती हळूहळू मागे सरते, म्हणून एकदाच आखूड करण्याचा हट्ट व्यर्थ आहे.

तथापि कात्रीपेक्षा मला महत्त्वाचा वाटतो तो कुत्र्याचा विश्वास. तीन-चार माणसांनी दाबून धरून अठराही नखे एका बैठकीत उरकण्याचा जो दस्तूर काही घरांत पडला आहे तो सर्वथा त्याज्य होय, कारण त्या बैठकीत नखे कापली जातात खरी, परंतु पुढे कात्री दिसताच ते मुके जनावर पलंगाखाली दडते. प्रथम काही दिवस नुसता पंजा हाती घ्यावा, बोटे हलकेच चाचपावीत, कात्री हुंगू द्यावी, आणि प्रत्येक वेळी आवडीचा घास द्यावा. पंजा ओढून घेतला तर सोडावा, रागे भरू नये. एका दिवशी एकच नख कापून झाले, तरी त्या दिवसाची कामगिरी पुरी झाली असे समजावे. जे कुत्रे भयाने चावू पाहते, त्याचे काम पशुवैद्याकडे सोपवावे.

ज्यांच्या घरी दाट केसांचे कुत्रे असेल, त्यांनी आज घरी गेल्यावर केस बाजूला सारून ते अंगठ्याचे नख तेवढे तपासावे, अशी माझी विनंती आहे.