कृष्णाकाठच्या होड्यांच्या शर्यती

महाबळेश्वरी उगम पावलेली कृष्णामाई वाई, कऱ्हाड करत सांगलीला येते. पावसाळ्यात पात्र भरलं की इथं १९२९ सालच्या आयर्विन पुलाच्या परिसरात होड्यांच्या शर्यती रंगतात. सांगलीवाडी, कसबे डिग्रज, कवठेपिरान, समडोळी अशा नदीकाठच्या गावांचे बोट क्लब त्यात उतरतात.

या होड्यांना शीड नसतं. सगळी मदार वल्ह्यांवर. दोन्ही बाजूंची वल्ही एकाच दमात पाण्यात पडली, तरच होडी सरळ धावते. एकाचा ताल चुकला की वेग मोडतो. घाटावरून आरोळ्या घुमतात.

या गावांनी २०१९चा महापूर सोसलाय. होडी हाकणारे तयार हात इथं हवेतच. म्हणून या शर्यती जपूया. पोरांना पोहायला, वल्हवायला आवर्जून शिकवूया.