मालक कोण, मुकादम कोण?

मोबाइलवर ऑर्डर घेऊन घरपोच जेवण देणाऱ्या मुलाला कंपनी ‘भागीदार’ म्हणते. म्हणजे पगार नाही, भरपगारी रजा नाही, पेट्रोल त्याचंच. आपल्या अहिल्यानगर जिल्ह्याला हे नवं नाही. पाथर्डी, शेवगाव, जामखेडची कुटुंबं दिवाळीच्या सुमारास ऊसतोडीला निघतात, तीही अशीच.

कारखान्याचा करार असतो वाहतूकदाराशी किंवा मुकादमाशी. मुकादम मजुराला उचल देतो. नवरा-बायको मिळून एक कोयता, आणि मजुरी टनावर. बायकोच्या कष्टाचा वेगळा हिशेबच नाही. आजारपणाने दिवस बुडाला, तर ‘खाडा’ म्हणून पैसे कापले जातात. हंगाम संपला तरी उचल फिटली नाही, तर बाकी पुढच्या वर्षावर. ज्याच्या डोक्यावर बाकी आहे, त्याने दरासाठी भांडायचं कसं? आणि अपघात झाला तर कारखाना मुकादमाकडे बोट दाखवतो. माझ्या मते, या व्यवस्थेची खरी गोम इथेच आहे.

तरीही तोडणी कामगारांकडे संघटना होती. वारंवार संप करून त्यांनी दर वाढवून घेतले. जानेवारी 2024 मध्ये 34 टक्के वाढ ठरली. ॲपवरच्या मुलांसमोर दर ठरवायला बसणारं माणूसच नाही.

सामाजिक सुरक्षा संहिता 2020 मध्ये अशा मुलांची, म्हणजे गिग कामगारांची, व्याख्या आली. त्यांच्या कल्याणासाठी कंपन्यांनी वार्षिक उलाढालीच्या 1 ते 2 टक्के रक्कम द्यावी, अशी तरतूदही आहे. किमान वेतन मात्र त्यात नाही. असंघटित कामगारांना ई-श्रम पोर्टलवर आधार क्रमांकाने नोंदणी करता येते, तीही मोफत.