बाबुराव पटेल : वाचक आणि मतदार
(वरोरा येथील व्याख्यानाचा संपादित अंश)



वर्धा नदी ओलांडली की वणी. तेथे १८८० साली जन्मलेल्या लोकनायक बापूजी अणे यांनी १९१८ मध्ये यवतमाळहून ‘लोकमत’ साप्ताहिक सुरू केले. वृत्तपत्रातून राजकारणाकडे जाणारी वाट वरोऱ्याच्या श्रोत्यांना म्हणून नवी नाही. पण बापूजींच्या काळी पत्र हे राजकारणाचेच शस्त्र होते. बाबुराव पटेलांचे तसे नव्हते. ते लोकसभेत पोहोचले, ते चित्रपटांच्या झगमगाटातून.

पालघरजवळच्या मासवणचा, १९०४ साली जन्मलेला हा मराठी माणूस. १९३५ च्या एप्रिलमध्ये त्याने मुंबईत ‘फिल्मइंडिया’ हे इंग्रजी मासिक काढले. स. म. पंडितांसारख्या चित्रकाराच्या कुंचल्यातून उतरलेली मुखपृष्ठे आणि आत चाबकासारखी भाषा! निर्मात्यांच्या जाहिराती छापायच्या आणि त्याच अंकात त्यांच्या चित्रपटांची चिरफाड करायची, हे धाडस बाबुरावांना परवडत असे, कारण त्यांचा अंक वाचकांना हवा होता. ऑक्टोबर १९३९ मध्ये ख्वाजा अहमद अब्बास यांचे गांधीजींना उद्देशून लिहिलेले अनावृत पत्र याच मासिकात आले. चित्रपटाला पाप समजू नका, अशी त्यात विनवणी होती.

या मासिकाची नजर मुंबईपुरती नव्हती. १९३८ मध्ये लंडनच्या अलेक्झांडर कोर्डांचा ‘द ड्रम’ आला, पुढच्याच वर्षी हॉलिवूडचा ‘गंगा दीन’. पहिल्यात सरहद्दीवरच्या गोऱ्या शिपायांचा गौरव. दुसऱ्यात कालीमातेच्या उपासकांना ठग आणि खुनी म्हणून रंगविलेले. साम्राज्याला बंदुकीइतकीच अशा चित्रांची गरज होती. आपल्याविषयी जगाने काय मानावे, हे परके ठरवीत होते आणि वर तिकिटाचे पैसेही आपल्याकडूनच घेत होते. ‘द ड्रम’विरुद्ध मुंबईत निदर्शने झाली. ‘गंगा दीन’वर मुंबई आणि बंगाल प्रांतांत बंदी आली. अशा चित्रपटांविरुद्ध ‘फिल्मइंडिया’ने सातत्याने आवाज उठविला. बाबुरावांचे राजकारण खरे तर येथेच सुरू झाले होते, पक्ष तेवढा नंतर आला.

स्वातंत्र्यानंतर त्यांची लेखणी नेहरूंच्या कारभाराकडे वळली. १९६० च्या सुमारास ‘मदर इंडिया’ हे मासिक निघाले. त्यात चित्रपट मागे पडले, राष्ट्रकारण पुढे आले. वाचकांच्या प्रश्नांना दिलेली तिरकस उत्तरे मात्र कायम राहिली. त्यांची टीका पुष्कळदा व्यक्तिगत होई, नटनट्यांच्या रूपावर घसरे. निर्भीडपणा आणि निष्ठुरपणा यांतील अंतर त्यांनी नेहमी राखले, असे त्यांच्या चाहत्यालाही म्हणता येणार नाही.

१९६७ मध्ये भारतीय जनसंघाच्या उमेदवारीवर ते माळव्यातील शाजापूरमधून लोकसभेवर निवडून आले. आता वाचकाचा मतदार झाला. वाचक दरमहा अंक विकत घेतो, आवडला नाही तर बाजूला ठेवतो, आणि संपादक पुढच्या अंकाला लागतो. मतदाराला विहीर हवी असते, रस्ता हवा असतो, आणि दारात आलेला खासदार हवा असतो. संपादक आपल्या अंकाचा धनी, तर खासदार शेकडोंतला एक. पक्षाची शिस्त, सभागृहाचे नियम, घड्याळाकडे बघून बोलणे, हे सारे एकहाती मासिक चालविणाऱ्याला जड जाणारच.

१९७१ ची निवडणूक इंदिराजींच्या लाटेची. तरीही शाजापूर जनसंघाकडेच राहिले. निवडून आले ते जगन्नाथराव जोशी, गोवामुक्तीच्या सत्याग्रहात तुकडीचे नेतृत्व केलेले, सभा जिंकणारे आणि कार्यकर्त्यांच्या घरची भाकरी खाऊन गावोगाव फिरणारे. दोघेही शब्दांचे धनी होते. पण एकाचे शब्द मुंबईच्या छापखान्यातून टपालाने जात, दुसऱ्याचे त्याच्याबरोबर चालत येत.

बाबुराव संसदेतून परतले, ते पुन्हा आपल्या मासिकाच्या मेजावर. १९८२ मध्ये त्यांचे निधन झाले.