पिवडीचा गेरू होतो तेव्हा

भट्ट्या थंड ठेवून इथे येरवड्यात जमलेल्या मातकामातल्या मित्रमैत्रिणींनो,

अध्यक्षपदाचा मान दिलात, आभारी आहे. आभार एवढ्यावरच आटोपते, कारण रिकाम्या हातांनी फार वेळ बसून राहणारी आपली जात नव्हे.

सकाळी बाहेरचं प्रदर्शन पाहिलं. दशावतार आहेत, राधाकृष्ण आहेत, अजिंठ्याचे चेहरे तर जागोजागी आहेत. हात चांगले आहेत, त्याबद्दल वाद नाही. पण बऱ्याच कामांत असं दिसलं, की आधी चित्र ठरलं आणि ते ठेवायला जागा हवी म्हणून मागाहून भांडं आलं. मला आज बोलायचं आहे ते याबद्दल.

इथून जवळच डेक्कन कॉलेज आहे. शिरूर तालुक्यात घोड नदीकाठी इनामगावला या संस्थेने १९६८ ते १९८३ या काळात उत्खनन केलं. सांकलिया, अन्सारी, ढवळीकर ही नावं त्या कामाशी जोडलेली. तिथे एका घराच्या जमिनीखाली झाकणाची मातीची पेटी निघाली. आत एक स्त्रीमूर्ती, आणि तिच्या जोडीला बिनडोक्याची दुसरी मूर्ती व एक बैल. तीन हजार वर्षांपूर्वीचं काम, आणि सगळं कच्च्या मातीचं, न भाजलेलं. त्या बिनडोक्याच्या बाईच्या पोटाला भोक आहे, बैलाच्या पाठीलाही आहे. काडी घातली की देवी वाहनावर बसते, काडी काढली की उतरते. तिची कथा आपल्यापर्यंत पोचली नाही. पण ती करणाऱ्याला कथेतलं नेमकं काय हवं होतं ते आजही हाताला कळतं. नाक-डोळे नसले तरी चाललं, बसण्या-उतरण्याची सोय मात्र हवी होती. पुराण त्या जोडणीत आहे.

आता थेट मुंबईला येऊ. अजिंठ्याच्या चित्रांच्या नकला करायला रॉबर्ट गिल १८४४ मध्ये नेमला गेला. वर्षानुवर्षं त्याने तिथे घालवली. त्याच्या बहुतेक नकला लंडनच्या क्रिस्टल पॅलेसमध्ये १८६६ च्या आगीत जळाल्या. मग १८७२ पासून जॉन ग्रिफिथ्सने जे. जे. स्कूल ऑफ आर्टचे विद्यार्थी घेऊन तेच काम पुन्हा मांडलं. पेस्तनजी बोमनजी त्यांच्यातलेच. त्याही नकलांपैकी कितीतरी १८८५ मध्ये साउथ केन्सिंग्टनच्या आगीत गेल्या. पण त्याच सुमाराला जे. जे. मध्ये जॉर्ज टेरीने मातीकामाचा विभाग उभा केला होता, सिंधमधून कुंभार आणवले होते, आणि अजिंठ्याच्या आकृती त्यांच्या भांड्यांवर उतरत होत्या. ती भांडी टिकली. कॅनव्हास आगीत गेले, भांडी तर आगीतूनच आलेली. भायखळ्याच्या डॉ. भाऊ दाजी लाड संग्रहालयात मुंबईच्या या मातीकामाचे नमुने बघायला मिळतात, जरूर बघा.

बघाल तेव्हा आदर ठेवून बघा आणि थोडं भांडाही. काही भांड्यांवर आकृती गोल चौकटीत बसवलेली असते आणि भोवती वेलबुट्टी. चौकट खरवडून काढली तर भांड्याचं काही बिघडत नाही, आणि चित्राचंही नाही. पोटाच्या फुगवट्यावर खांदे रुंदावतात, मानेची कलती रेषा सुटते. सपाट भिंतीसाठी ओढलेली रेषा गोलाव्यावर तशीच ओढली, की हे व्हायचंच.

रंगांची गोष्ट तर त्याहून सरळ आहे. अजिंठ्याच्या चित्रकाराकडे गेरू, पिवडी, काजळी, पांढरी माती, हिरवी माती आणि अफगाणिस्तानातून येणारा लाजवर्द होता. यांतली पिवडी भट्टीत घाला, तीनेकशे अंशांच्या पुढे तिच्यातलं पाणी जातं आणि तिचा गेरू होतो. हिरवी माती तपकिरी पडते. काजळी जळून जाते. स्टोनवेअरच्या बाराशे अंशांवर लाजवर्दाचा निळा उरत नाही, कोबाल्टकडे जावं लागतं, आणि कोबाल्ट जरा जास्त झाला तर बाकी सगळ्यांना गप्प करतो. म्हणजे पहिल्या लेण्यातल्या पद्मपाणीची गव्हाळ कांती त्याच द्रव्यांनी भांड्यावर आणताच येत नाही. ती आपल्याला लोहाच्या प्रमाणातून, ग्लेझच्या जाडीतून, भट्टीत हवा किती सोडली यातून नव्याने शोधावी लागते. मला यात अडचण कमी आणि मोकळीक जास्त दिसते. आग नक्कल करूच देत नसेल, तर आपण का करावी?

रविवर्म्याचं वेगळं. त्याचा छापखाना १८९४ मध्ये मुंबईत निघाला, पुढे लोणावळ्याजवळ मळवलीला गेला, आणि लक्ष्मी-सरस्वती घरोघर पोचल्या. जपानी कारखान्यांनी त्या धर्तीच्या देवादिकांच्या उठावदार टाइल्स हिंदुस्थानच्या बाजारासाठी काढल्या. एकेक रंग उठावाच्या कडांमध्ये अडवलेला. कारखान्याचा माल, पण रंग वाहू नये म्हणून रेषेलाच बांध करणारा कारागीर डोकेबाज होता, हे मानलंच पाहिजे.

त्या छापील चेहऱ्याची पकड अजून सुटलेली नाही. एका गॅलरीवाल्याने माझी राधा परत केली होती. म्हणाला, "ताई, चेहरा जरा कॅलेंडरसारखा करून द्या, लगेच जाईल." घरभाडं थकलेलं असताना असं ऐकावं लागतं, आणि करूनही द्यावं लागतं. करणाऱ्याला मी नावं ठेवणार नाही. पण विकायचं काम आणि शोधायचं काम यांची भट्टी वेगळी लावा.

नव्या मुलांना एक सांगते. फोनवरच्या फोटोवरून अजिंठा उतरवू नका. लेण्यात जा, अंधाराला डोळे सरावू द्या, आणि परत येऊन आधी चाकावर आकार काढा, रेषा नंतर. ज्याला गोवर्धन करायचा आहे त्याने कृष्णाच्या मुकुटाआधी वजनाचा विचार करावा: करंगळीवर पर्वत पेलायचा तर कच्च्या मातीत तो सुकेपर्यंत कशावर उभा राहणार? तिथे अडलात, की कथेत शिरलात.

आणि सगळ्यांनाच एक विनंती. आपल्याकडे ग्लेझची कृती पोटात ठेवायची सवय आहे. उद्याच्या चर्चेला प्रत्येकाने आपली एक फसलेली चाचणी-टाइल आणावी, मागे माती, ऑक्साइड आणि तापमान मराठीत लिहून. टेबल मोकळं ठेवायला मी संयोजकांना सांगितलं आहे. सत्र दहाला आहे.