आभाळाची वेस

(हातखंबा, जि. रत्नागिरी येथील व्याख्यानाचे संपादित शब्दांकन)



वाट अडली म्हणजे काय होते, हे हातखंब्याला नव्याने सांगायला नको. मुंबईकडून येणारा महामार्ग येथे पोहोचतो, एक फाटा रत्नागिरीकडे वळतो आणि मूळ रस्ता पाली, लांजा, राजापूर करीत बांद्याकडे व तेथून गोव्यात जातो. या तिठ्याजवळ एखादा टँकर उलटला की निवळीपासून पालीपर्यंत वाहनांची रांग लागते. कोणी आडवाट शोधतो, कोणी माघारी फिरतो. डिझेल अधिक जळते, वेळ जातो आणि रुग्णवाहिकेतील माणसाच्या घरच्यांचा जीव टांगणीला लागतो.

आभाळातही असेच तिठे आहेत, हे मात्र आपल्या सहसा लक्षात येत नाही. वरून जाणारे विमान पाहिले की वाटते, त्याला ना रस्ता, ना नाका, ना वेस. वस्तुस्थिती नेमकी उलट आहे. ७ डिसेंबर १९४४ रोजी शिकागो येथे झालेल्या आंतरराष्ट्रीय कराराच्या पहिल्याच कलमात म्हटले आहे की, प्रत्येक राष्ट्राचे आपल्या भूमीवरील आकाशावर संपूर्ण आणि एकमेव सार्वभौमत्व असते. किनाऱ्यापासून बारा सागरी मैलांपर्यंतच्या समुद्रावरही हाच नियम लागू होतो. त्यापलीकडचे आकाश कोणा एकाचे नाही. अर्थात तेथेही विमानांना मार्गदर्शन करण्याची जबाबदारी वाटून दिलेली आहे आणि अरबी समुद्राच्या फार मोठ्या भागावर ती मुंबईच्या हवाई वाहतूक नियंत्रणाकडे आहे.

दोन शेजाऱ्यांचे बिनसले की ही आभाळाची वेस बंद होते. वैमानिकांसाठी एक अधिकृत सूचना निघते आणि शेकडो विमानांचे मार्ग त्या क्षणी बदलतात. ही वेस का बंद केली जाते, कोणाला तिचा फटका बसतो आणि तिचा उपयोग कधी होतो, हा आजचा विषय आहे.

दाभोळीचा धडा

या विषयातील एक बोलके उदाहरण हातखंब्याहून जाणाऱ्या याच रस्त्याच्या दक्षिण टोकाला आहे. १९५४च्या जुलै-ऑगस्टमध्ये दादरा आणि नगर हवेली स्वयंसेवकांनी मुक्त केले. हे प्रदेश चहूबाजूंनी भारतीय भूमीने वेढलेले होते. पोर्तुगालने हेगच्या आंतरराष्ट्रीय न्यायालयात धाव घेऊन तेथे जाण्यासाठी वाट मागितली. १२ एप्रिल १९६० रोजी निकाल लागला. सैन्य, सशस्त्र पोलीस आणि शस्त्रास्त्रे नेण्याचा कोणताही हक्क पोर्तुगालला नाही, असे न्यायालयाने स्पष्ट केले. वाट बंद होताच पोर्तुगीज सत्तेला तेथे पुन्हा पाऊल ठेवता आले नाही.

गोव्याची गोष्ट निराळी होती. १५ ऑगस्ट १९५५ रोजी निःशस्त्र सत्याग्रहींवर पोर्तुगीजांनी गोळीबार केला आणि वीसहून अधिक सत्याग्रही हुतात्मा झाले. भारताने संबंध तोडले, रेल्वे थांबली, व्यापार थांबला. जमिनीवरची कोंडी पूर्ण झाली. परंतु गोव्याच्या पश्चिमेला खुला समुद्र होता आणि समुद्रावर खुले आकाश होते. पोर्तुगीजांनी मुरगावजवळच्या दाभोळीच्या पठारावर विमानतळ उभारला, गोव्याची स्वतंत्र विमान कंपनी काढली आणि गोवा, दमण, दीव, कराची अशी विमानसेवा सुरू केली. भारताने नाकारलेली वाट पाकिस्तानने दिली. कराचीच्या त्या आधारावर ही कोंडी सहा वर्षे निभावली गेली.

शेवटी १८ डिसेंबर १९६१ रोजी पुण्याहून निघालेल्या कॅनबेरा विमानांनी दाभोळीच्या धावपट्टीवर बॉम्बवर्षाव केला. विमानतळाच्या इमारतींना धक्का लावू नये, असा स्पष्ट आदेश होता आणि तो पाळला गेला. त्या रात्री पोर्तुगीजांची दोन मोठी प्रवासी विमाने उखडलेल्या धावपट्टीवरून कशीबशी उडाली आणि कराचीकडेच निसटली. दुसऱ्या दिवशी गोवा मुक्त झाला.

दादरा-नगर हवेलीत कोंडी यशस्वी झाली, कारण तेथे दुसरी वाट नव्हती. गोव्यात केवळ कोंडीने काम झाले नाही, कारण समुद्रावरचे आकाश मोकळे होते. वाट अडवण्याचे बळ वाट अडवणाऱ्याच्या रागावर अवलंबून नसते. समोरच्याकडे दुसरी वाट आहे की नाही, यावर ते ठरते.

काबूलपासून कोलंबोपर्यंत

भारत आणि पाकिस्तान यांच्यातील आकाशाचा वाद स्वातंत्र्याइतकाच जुना आहे. ज्या मार्गावर १५ ऑक्टोबर १९३२ रोजी जे. आर. डी. टाटा कराचीहून टपालाच्या पिशव्या घेऊन अहमदाबादमार्गे मुंबईच्या जुहू विमानतळावर उतरले, तो मार्ग फाळणीने दोन राष्ट्रांत विभागला. दिल्लीहून काबूलला जाणारी भारतीय विमाने पाकिस्तानने आपल्या पश्चिम सरहद्दीवरील पट्टा निषिद्ध ठरवून अडवली. इराणच्या विमानांना मात्र त्याच पट्ट्यातून जाऊ दिले जात होते. १९५२मध्ये भारताने आंतरराष्ट्रीय नागरी विमान वाहतूक संघटनेकडे तक्रार केली. त्या संघटनेच्या परिषदेपुढे आलेला हा पहिलाच तंटा. वाटाघाटी होऊन पुढील वर्षी भारतीय विमानांना ठरावीक मार्गाने जाण्याची मुभा मिळाली. त्या प्रसंगी भारत वाट मागणारा होता आणि त्याचा मुद्दा न्याय्य होता: निर्बंध घालायचा तर तो राष्ट्रीयत्व पाहून घालू नये.

१९७१मध्ये पारडे फिरले. ३० जानेवारीला इंडियन एअरलाइन्सचे ‘गंगा’ हे विमान श्रीनगरहून जम्मूला जात असता लाहोरला पळवून नेण्यात आले. प्रवासी सुखरूप परतले, पण विमान जाळण्यात आले. ४ फेब्रुवारीला भारताने पाकिस्तानी विमानांना आपले आकाश बंद केले. पाकिस्तान तेव्हा दोन तुकड्यांचा देश होता आणि त्या दोन तुकड्यांमध्ये भारत होता. कराचीहून ढाक्याला जाणाऱ्या विमानांना संपूर्ण द्वीपकल्पाला वळसा घालून कोलंबोला इंधन घ्यावे लागू लागले. अंतर जवळजवळ दुप्पट झाले. पूर्व बंगालमध्ये पाकिस्तानी सैन्याची कुमक त्याच लांब वाटेने, प्रवासी विमानांतून जात राहिली. त्या वर्षाच्या अखेरीस झालेल्या युद्धात या लांबलेल्या वाटेचे मोल पाकिस्तानला कळून चुकले. येथे समोरच्याला सोयीची दुसरी वाट नव्हती, म्हणून निर्बंधाला धार होती. हे आकाश पुन्हा खुले व्हायला १९७६ साल उजाडले.

संसदेवरील हल्ल्यानंतर १ जानेवारी २००२ पासून दोन वर्षे आकाश पुन्हा बंद राहिले आणि १ जानेवारी २००४ रोजी उघडले. बालाकोटच्या कारवाईनंतर २७ फेब्रुवारी २०१९ रोजी पाकिस्तानने आपले आकाश बंद केले. ते पूर्णपणे खुले झाले १६ जुलैला.

हिशेब दोन्ही बाजूंचा

२०१९च्या या साडेचार महिन्यांचा हिशेब सरकारने राज्यसभेत मांडला होता. २ जुलैपर्यंत एअर इंडियाचे नुकसान ४९१ कोटी रुपये होते. स्पाइसजेटचे ३०.७३ कोटी, इंडिगोचे २५.१ कोटी आणि गो-एअरचे २.१ कोटी. इंडिगोच्या दिल्ली-इस्तंबूल विमानाला इंधनासाठी दोह्याला उतरावे लागत होते. पाकिस्तानच्या मंत्र्यांनी त्यांच्या विमान वाहतूक प्राधिकरणाचे नुकसान साडेआठ अब्ज पाकिस्तानी रुपये सांगितले, कारण वरून जाणारी विमाने जे शुल्क देतात ते बुडाले.

२२ एप्रिल २०२५ रोजी पहलगामला सव्वीस जणांची हत्या झाली. त्यात महाराष्ट्राचे सहा जण होते. भारताने कठोर पावले उचलताच २४ एप्रिलला पाकिस्तानने भारतीय विमानांना आकाश बंद केले आणि ३० एप्रिलला भारतानेही तसेच केले. मग महिन्यामहिन्याने मुदतवाढ होत गेली आणि ते वर्ष सरले तरी ही वेस उघडली नाही. इंडिगोने ताश्कंद आणि अल्माटीची उड्डाणे थांबवली, कारण त्यांच्या विमानांचा पल्ला त्या वळशाला पुरेना. उत्तर अमेरिकेहून दिल्लीला येणारी काही विमाने इंधनासाठी व्हिएन्ना, कोपनहेगन अशा ठिकाणी उतरू लागली. १ सप्टेंबरपासून एअर इंडियाने दिल्ली-वॉशिंग्टन सेवा थांबवली आणि त्याच्या कारणांत हे बंद आकाशही होते. पाकिस्तानच्या संरक्षण मंत्रालयाने त्यांच्या संसदेत जून अखेरपर्यंतचा तोटा ४.१ अब्ज पाकिस्तानी रुपये सांगितला.

येथे एक गोष्ट स्वच्छपणे मान्य केली पाहिजे. या कोंडीत विमान कंपन्यांपुरता विचार केला तर आपले नुकसान अधिक आहे. दिल्लीच्या उत्तरेला हिमालय आणि तिबेटचे पठार, पश्चिमेला पाकिस्तान. युरोप, मध्य आशिया आणि अमेरिकेकडे जाणारी आपली विमाने पुष्कळ आहेत, तर भारतावरून पूर्वेकडे जाणारी पाकिस्तानी विमाने मोजकी. हे बोलून दाखवले म्हणजे राष्ट्राचे मनोबल खचते, असे समजण्याचे कारण नाही. निर्णय योग्य असेल तर त्याची किंमत ठाऊक असूनही तो योग्यच ठरतो. किंमत झाकून ठेवली, तर ती भरण्याची तयारी मात्र कधीच होत नाही.

रक्षणासाठी बंद, कोंडीसाठी बंद

आकाश बंद करण्याचे दोन प्रकार आहेत आणि त्यांची गल्लत होऊ नये. एक समोरच्याची कोंडी करण्यासाठी, दुसरा प्रवाशांचे प्राण वाचवण्यासाठी. १७ जुलै २०१४ रोजी युक्रेनवर मलेशियाचे प्रवासी विमान क्षेपणास्त्राने पाडले गेले आणि २९८ जण मरण पावले. खाली युद्ध पेटलेले असताना त्या उंचीवरील आकाश खुले ठेवलेले होते. ८ जानेवारी २०२० रोजी तेहरानहून निघालेले युक्रेनचे विमान इराणच्याच क्षेपणास्त्रांनी पाडले. १७६ जण गेले. तेथेही आकाश बंद केलेले नव्हते.

हे ध्यानात घेतले म्हणजे मे २०२५मधील भारताच्या निर्णयाचे महत्त्व कळते. श्रीनगर, जम्मू, लेह, अमृतसर, चंदीगड, जोधपूर, भूज, जामनगर, राजकोट यांसह उत्तर व पश्चिम भारतातील ३२ विमानतळ नागरी वाहतुकीसाठी बंद करण्यात आले. १५ मे पर्यंतचा बंद १२ मे रोजीच उठवण्यात आला. हजारो प्रवासी खोळंबले, सहली मोडल्या, रुग्णांचे हाल झाले. परंतु या विमानतळांपैकी अनेकांच्या धावपट्ट्या वायुदलाच्याही आहेत आणि तेथे प्रवासी विमान उभे करणे म्हणजे त्याला संकटाच्या तोंडी देणे होते. याउलट ड्रोनहल्ले करताना पाकिस्तानने आपले नागरी आकाश खुले ठेवले आणि प्रवासी विमानांचा ढालीसारखा वापर केला, हे विंग कमांडर व्योमिका सिंह यांनी ९ मे रोजी वार्ताहर परिषदेत दाखवून दिले. विमानतळाच्या दाराशी खोळंबलेल्या प्रवाशाने तेव्हा सोसलेली गैरसोय ही त्याच्याच जिवाची राखण होती.

कोकणचा वाटा

या सगळ्यात कोकणाचे काय? भूगोलाने जे दिल्लीला दिले नाही ते या किनाऱ्याला दिले आहे. मुंबईहून निघालेले विमान काही मिनिटांत समुद्रावर येते आणि आखाताकडे जाताना पाकिस्तानच्या भूमीला स्पर्श न करता जाऊ शकते. रत्नागिरी-सिंधुदुर्गातील कितीतरी घरांची माणसे दुबई, मस्कत, कुवेतला आहेत. शेजाऱ्याने वेस लावली तरी त्यांची वाट चालू राहते, ती या समुद्रामुळे.

म्हणून पश्चिम किनाऱ्यावरील विमानतळांकडे केवळ पर्यटनाच्या नजरेने पाहणे अपुरे आहे. दाभोळी १९६२पासून नौदलाकडे आहे आणि १९६४पासून ‘आयएनएस हंसा’ हा नौदलाचा तळ तेथे आहे. नौदलाच्या सरावासाठी नागरी उड्डाणांच्या वेळांवर तेथे मर्यादा येत. जानेवारी २०२३मध्ये मोपा सुरू झाल्यावर गोव्याला दुसरी धावपट्टी मिळाली. सिंधुदुर्गात चिपीचे उद्घाटन ऑक्टोबर २०२१मध्ये झाले. डिसेंबर २०२५मध्ये नवी मुंबईहून उड्डाणे सुरू झाली. येथून जवळच मिरजोळ्याच्या विमानतळावर तटरक्षक दलाचा तळ आहे. उद्या तेथे प्रवासी विमाने नियमित येऊ लागली तरी संकटकाळी पहिला हक्क दलाचाच राहील आणि तो राहिलाच पाहिजे.

जमिनीचा मोबदला, पुनर्वसन, आवाज, विमानतळापर्यंतचा रस्ता या प्रश्नांवर नागरिकांनी शासनाला जाब जरूर विचारावा. तो त्यांचा हक्क आहे. परंतु त्याच वेळी आपल्या किनाऱ्यावरची प्रत्येक सुस्थितीतील धावपट्टी ही राष्ट्राची राखीव वाट आहे, हेही मनात असावे. लांब पल्ल्याची विमाने, समुद्रावरून जाणारे मार्ग, इंधन भरण्याची आणि दुरुस्तीची सोय असलेली किनाऱ्यावरची विमानतळे, एवढे हाती असेल तर शेजाऱ्याच्या मर्जीला फारसे मोल उरत नाही. आणि ज्याच्याजवळ स्वतःची वाट आहे, त्यालाच समोरच्याची वाट कधी अडवावी आणि कधी मोकळी करावी, याचा निर्णय शांत डोक्याने घेता येतो.

१९५५मध्ये परक्या सत्तेने आपली कोंडी फोडण्यासाठी दाभोळीची धावपट्टी बांधली. त्याच धावपट्टीवरून आज भारतीय नौदल अरबी समुद्राची राखण करते. पुढची संकटे येतील तेव्हा अशा किती धावपट्ट्या आपण स्वतः, वेळेवर आणि चांगल्या बांधून ठेवलेल्या असतील, हे आजच्या पिढीच्या हाती आहे.