छाप, निशाणी, बोधचिन्ह



साहित्य संस्थेच्या व्यासपीठावर धंद्याच्या बोधचिन्हाविषयी बोलायला उभा राहिलो, याचे काहींना नवल वाटेल. पण अक्षर हा आपला समान विषय आहे. लेखक शब्दासाठी अक्षर वापरतो, मी पाटीसाठी आणि पुडीसाठी वापरतो. गेली बरीच वर्षे या बडोद्यात मी तेच काम करतो आहे.

‘बोधचिन्ह’ हा शब्द अलीकडचा. त्याआधी बाजारात ‘छाप’ होती. घोडा छाप, माकड छाप. गिऱ्हाईक वाचू शकत नसले तरी नेमका माल मागू शकत असे. १९५१-५२ च्या पहिल्या सार्वत्रिक निवडणुकीत मतपेट्यांवर निशाण्या आल्या त्याही याच कारणाने. छाप या शब्दाला मराठीत दोन अर्थ आहेत: ठसा उमटवणे आणि मनावर प्रभाव पाडणे. चांगल्या बोधचिन्हाची व्याख्या या दोन अर्थांतच आली. ते कशावरही स्वच्छ उमटले पाहिजे आणि एकदा पाहिल्यावर मनात राहिले पाहिजे.

दोन उदाहरणे आपल्या खिशातल्या पासबुकावरचीच घेऊ. स्टेट बँकेचे चिन्ह पूर्वी वटवृक्ष होते. अर्थ उत्तम, पण पारंब्या आणि पाने लहान आकारात एकमेकांत मिसळणार. १९७१ मध्ये अहमदाबादच्या राष्ट्रीय डिझाइन संस्थेतील शेखर कामत यांनी निळे वर्तुळ दिले. त्यात एक लहान वर्तुळ आणि तिथून सरळ खाली आलेली पट्टी, एवढेच. कोणी त्यात कुलपाचे भोक पाहतो, कोणी नाण्यात उभा असलेला माणूस, तर अहमदाबादकर त्यात कांकरिया तलाव पाहतात. पाहणाऱ्याला अर्थ भरायला जागा ठेवली आहे. ते मुलालाही काढता येते, चेकवर नखाएवढे छापले तरी ओळखू येते.

दुसरे आपल्या घरचे. सयाजीराव महाराजांनी १९०८ साली स्थापन केलेल्या बँक ऑफ बडोदाने २००५ मध्ये केशरी सूर्याचे चिन्ह घेतले. नीट पाहा, त्यात इंग्रजी ‘बी’ची दोन अक्षरे आहेत आणि उगवत्या सूर्याचे किरणही. अक्षर आणि चित्र इथे वेगळे राहिलेले नाहीत. २०१९ मध्ये विजया आणि देना या बँका तिच्यात विलीन झाल्या, तेव्हाही सूर्य तसाच राहिला. ग्राहकाला ओळखीची खूण लागते, हे त्यामागचे साधे व्यवहारज्ञान.

आता माझी चूक सांगतो. इथल्या एका जुन्या मराठी घराचा लोणची-मसाल्यांचा धंदा. आजोबांनी पुडीवर लाल रंगात खलबत्ता छापला होता, खाली स्वतःच्या हाताने आडनाव लिहिलेले. नातू माझ्याकडे आला. म्हणाला, “काका, आता माल मॉलमध्ये ठेवायचाय. हे फार जुनाट दिसतं.” मी खलबत्ता काढला. चार रंगांची, छटा बदलत जाणारी, ज्योतीसारखी मिरची काढली आणि नाव झोकदार रोमन अक्षरांत घातले. पडद्यावर ते देखणे दिसले. एकरंगी पिशवीवर छापले तेव्हा मिरचीचा नुसता डाग झाला. महिन्याभरात जुनी गिऱ्हाइके दुकानात येऊन विचारू लागली, “धंदा विकलात का?”

आणखी एक गोष्ट मला नंतर कळली. त्या आडनावाच्या शेवटी ‘ळे’ आहे. देवनागरीत ‘ळ’ आहे, गुजरातीतही आहे, रोमनमध्ये नाही. नातवाची मुलगी इंग्रजी शाळेत जाते. नवी पुडी हातात घेऊन तिने आपलेच आडनाव ‘ले’ असे वाचले. आजी काही बोलल्या नाहीत. त्यांनी जुनी पुडी आणून माझ्यासमोर ठेवली.

मी काम पुन्हा केले, त्याचे पैसे घेतले नाहीत. खलबत्ता परत आणला, पण नक्षी काढून दोनच आकार ठेवले: उभा बत्ता आणि खालचा खल. आजोबांच्या हातची अक्षरे तशीच ठेवली, फक्त शिरोरेषा थोडी जाड केली, म्हणजे लहान छपाईत तुटू नये. गुजराती आणि रोमन नाव खाली, लहान. मग रबरी शिक्का करून तो खाकी कागदावर उमटवून पाहिला. ही परीक्षा मी आधीच घ्यायला हवी होती.

तेव्हापासून कोणी नवे चिन्ह मागायला आले की मी आधी जुनी पुडी, जुनी पाटी, जुने बिलबुक मागवतो. लोक काय ओळखतात ते विचारतो. एका शाईत, अंगठ्याच्या नखाएवढ्या आकारात ते टिकते का, ते पाहतो. आणि नोंदणी करून घ्यायला सांगतो. १९९९ च्या व्यापारचिन्ह कायद्याने ती दहा वर्षांची मिळते व पुढे वाढवता येते. मालाचे नुसते वर्णन करणारे नाव मात्र सहसा नोंदले जात नाही. ‘तिखट मसाला’ हे शब्द सगळ्यांचेच आहेत.

आपण महाराष्ट्राबाहेर राहणारी माणसे. आपल्या घरांची लिपी पिढीगणिक बदलते आहे, त्याबद्दल रडण्यात अर्थ नाही. गिऱ्हाईक ज्या लिपीत वाचते तिला पाटीवर जागा द्यावीच लागते. पण नावातला एक ‘ळ’ पाटीवर राहिला, तर तो कसा उच्चारायचा हे कोणीतरी नक्की विचारील. त्या मुलीने परवा मला विचारले. मी तिच्या आजीकडे बोट दाखवले.