दिल्लीच्या नावाचे एक जनुक
(हीरक महोत्सवानिमित्त विद्यार्थ्यांपुढे दिलेले व्याख्यान)



उत्क्रांती म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे डायनोसॉर येतात आणि कोट्यवधी वर्षांचा काळ उभा राहतो. आज मी जिच्याविषयी बोलणार आहे, ती उत्क्रांती आपल्या हयातीत आणि आपल्याच शहरात घडत आहे.

2008 साली, नवी दिल्लीत उपचार घेऊन स्वीडनला परतलेल्या एका रुग्णाच्या शरीरात क्लेब्सिएला हा जिवाणू आढळला. कार्बापेनेम ही प्रतिजैविके डॉक्टरांच्या अखेरच्या शस्त्रांपैकी एक. तीही त्याच्यापुढे निष्प्रभ ठरली. त्याच्याजवळ एक नवे जनुक होते. त्या जनुकापासून बनणाऱ्या, औषधाचा रेणू तोडणाऱ्या विकराला ‘न्यू डेल्ही मेटॅलो-बीटा-लॅक्टमेज’, संक्षेपाने एनडीएम-1, असे नाव मिळाले. या नावावर आपल्याकडे नाराजी व्यक्त झाली. परंतु 2011 मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका पाहणीत दिल्लीतील पिण्याच्या पाण्याच्या 50 पैकी 2, आणि रस्त्याकडेला साचलेल्या वा वाहणाऱ्या पाण्याच्या 171 पैकी 51 नमुन्यांत हे जनुक सापडले.

हे जनुक म्हणजे डीएनएच्या 813 अक्षरांचा मजकूर. जिवाणू दुभंगताना आपल्या साऱ्या मजकुराची नक्कल करतो, आणि नकलेत क्वचित चूक होते. अनुकूल स्थितीत ई. कोलाय हा जिवाणू वीस मिनिटांत दुप्पट होतो. दहा तासांत एकाचे शंभर कोटी होतात. एवढ्या नकलांत चुकाही असंख्य. बहुतेक निरुपयोगी किंवा घातक, एखादीच लाभदायक. एनडीएम-5 या पुढच्या रूपात मूळ मजकुराची केवळ दोन अक्षरे बदललेली आहेत. तरी कार्बापेनेमवरील त्याचा आघात अधिक तीव्र आहे.

शिवाय हे जनुक बहुधा प्लाझ्मिड नावाच्या डीएनएच्या सुट्या कड्यावर असते. वर्गात एकाने दुसऱ्याची वही उतरवून घ्यावी, तसे ते एका जिवाणूकडून दुसऱ्या, कधी भिन्न जातीच्याही, जिवाणूकडे जाते.

आपण सहज म्हणतो, ‘जिवाणूंना औषधाची सवय झाली.’ हे खरे नव्हे. जोशुआ आणि एस्थर लेडरबर्ग या दांपत्याने 1952 मध्ये दाखवून दिले की, प्रतिकार करणारे जिवाणू औषधाचा स्पर्श होण्यापूर्वीच समूहात असतात. औषध त्यांना काही शिकवत नाही; ते इतरांना मारते आणि यांच्यासाठी रान मोकळे करते. बदल योगायोगाने होतो; निवड मात्र परिस्थिती करते.

आणि मित्रहो, इथे ती परिस्थिती निर्माण करणारे आपणच आहोत. सर्दी विषाणूंमुळे होते. तिच्यावर प्रतिजैविक चालत नाही. तरीही दुकानातून आणून घेतलेली प्रत्येक गोळी आपल्या शरीरातील निरुपद्रवी जिवाणूंमध्ये हीच निवड करीत असते. म्हणून डॉक्टरांनी सांगितल्यावाचून प्रतिजैविक घेऊ नका, उरलेल्या गोळ्या कुणाला देऊ नका, आणि घरातील वडीलधाऱ्यांनाही हे नम्रपणे समजावून सांगा. जनुकाला आपल्या शहराचे नाव लागले, ते आता पुसता येणार नाही. त्याला मोकळे रान द्यायचे की नाही, हे बऱ्याच अंशी आपल्या हाती आहे.